कुठून सुरू करू?

गेल्या मे महिन्यात ताई आणि तिचा अकरा वर्षांचा मुलगा सुट्टीला पुण्यात आमच्याकडे आले होते. तिसऱ्या दिवशी भाच्यानं विचारलं, "मामा, मला स्पायडरमॅनची कॉमिक्स वाचायचीयेत. कुठून सुरू करू?"

घरात कुणीतरी हा प्रश्न विचारावा याची मी पंधरा वर्षं वाट बघत होतो. रात्री दीडपर्यंत जागून एक्सेलमध्ये यादी केली. सेहेचाळीस ओळी. हिरवा रंग म्हणजे वाचलंच पाहिजे, पिवळा म्हणजे वेळ असेल तर, आणि लाल म्हणजे 'हे घडलं होतं, पण नंतर ते घडलंच नाही असं ठरलं'. सकाळी त्याच्या हातात फोन दिला. त्यानं दोन मिनिटं यादी वर-खाली केली आणि विचारलं, "हे सगळं वाचून झालं की मग मजा सुरू होते का?"

मग तो खाली क्रिकेट खेळायला गेला. उरलेल्या सुट्टीत त्यानं स्पायडरमॅनचं नाव काढलं नाही.

मी त्याला दार दाखवायला गेलो होतो आणि प्रवेश परीक्षा देऊन बसलो. ही चूक माझ्या एकट्याची नाही, हे मला नंतर कळलं. लांबत गेलेली गोष्ट सांभाळणारे लोक ही चूक करत आलेत. काहींनी मात्र ती टाळली, आणि त्यातले बरेचसे माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर निघाले.

* * *

आधी मूळ दुखणं काय आहे ते बघू.

सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो जून १९३८ च्या अंकात, स्पायडरमॅन ऑगस्ट १९६२ च्या. तेव्हा पीटर पार्कर शाळेत होता, पंधराएक वर्षांचा. त्याला कॅलेंडर लागू असतं तर आज तो ऐंशीच्या आसपास असता आणि गुडघ्याला तेल चोळत बसला असता. दर महिन्याला अंक काढणाऱ्या कंपनीला हे परवडत नाही, म्हणून हिरोचं वय थांबतं. पण त्याच्या आयुष्यात घडलेल्या गोष्टी थांबत नाहीत. त्या साठत जातात. कुणाचं लग्न होतं, कुणी मरतं, कुणी परत येतं. लिहिणारे बदलतात, आणि नव्या लेखकाला वीस वर्षांपूर्वीचा अंक आठवतोच असं नाही. वाचकाला मात्र आठवतो.

डीसी कंपनीत १९४० च्या दशकात एक फ्लॅश होता. १९५६ मध्ये त्याच नावाचा दुसराच फ्लॅश आणला गेला. मग जुना गेला कुठे? १९६१ मध्ये दोघांची भेट घालून उत्तर दिलं गेलं : दोघे दोन वेगळ्या पृथ्वींवर राहतात. उत्तर झकास होतं, पण पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पृथ्वींची संख्या वाढतच गेली. शेवटी १९८५-८६ मध्ये 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही बारा अंकांची मालिका काढून कंपनीनं बहुतेक सगळ्या पृथ्वी नष्ट केल्या आणि एकच ठेवली. उद्देश साफ होता : नव्या वाचकाला सोपं जावं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हा मोह मला नीट ओळखू येतो. जुनी सिस्टिम हातात आली की पहिल्याच आठवड्यात वाटतं, हे सगळं फेकून नव्यानं लिहू. सहा महिन्यांनी कळतं की जुन्या कोडमधली विचित्र दिसणारी ओळ बहुतेक वेळा कुणाच्या तरी तक्रारीचं उत्तर होती.

'क्रायसिस'मध्ये सुपरगर्ल मेली. तिथपर्यंत ठीक होतं. कॉमिक्समध्ये माणसं मरतात. पण क्रिप्टॉन ग्रहावरून वाचलेला सुपरमॅन एकटाच असावा म्हणून पुढे असं ठरलं की ती कधी नव्हतीच. तिच्यासाठी रडलेल्या वाचकांनी त्या रडण्याचं काय करायचं? मार्व्हलनं २००७ मध्ये असंच केलं. पीटर पार्कर आणि मेरी जेन यांचं १९८७ मध्ये झालेलं लग्न एका सैतानाशी सौदा करून पुसून टाकलं, कारण लग्न झालेला स्पायडरमॅन म्हातारा वाटतो म्हणे. आणि इतकं पुसूनही गुंता सुटला नाही. डीसीला १९९४ मध्ये 'झीरो अवर' करावं लागलं, २०११ च्या सप्टेंबरात ५२ मालिका पहिल्या अंकापासून नव्यानं सुरू कराव्या लागल्या. दर सफाईनंतर माझ्यासारख्यांच्या यादीत आणखी काही लाल ओळी वाढल्या.

* * *

भाच्याचा किस्सा बाबांना सांगितला तेव्हा ते हसले. म्हणाले, "आम्ही वेताळ कधी पहिल्यापासून वाचला नाही. रद्दीवाल्याकडे जो अंक मिळेल तो वाचायचो. पुढची पानं फाटलेली असायची, तरी काही अडायचं नाही."

वेताळ म्हणजे फँटम. ली फॉक या अमेरिकन लेखकाची ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ ला वर्तमानपत्रांत सुरू झाली. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढलं ते याच हिरोला घेऊन. १९९० मध्ये बंद पडेपर्यंत आठशेहून जास्त अंक निघाले, इंग्रजीत आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत. मराठीत ज्यानं कुणी फँटमचा 'वेताळ' केला, त्याला खरंतर सलाम ठोकायला हवा. भुतांचा राजा, गावाच्या वेशीवरचा राखणदार, जंगलात राहणारा, मरण नसलेला. एका शब्दात ओळख करून देण्याचं काम संपलं.

फाटक्या अंकांनी बाबांचं का अडलं नाही, हे समजून घ्यायला मी त्यांच्या ट्रंकेतले उरलेले सात-आठ अंक काढून वाचले. अंकांची व्यवस्था हुशार आहे. वेताळ हा एक माणूस नाही, ते एक पद आहे. चारशे वर्षांपूर्वी चाच्यांच्या हल्ल्यातून एक जण वाचला, किनाऱ्याला लागला, आणि बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून त्यानं शपथ घेतली. तेव्हापासून बापानंतर मुलगा तोच मुखवटा चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. बाहेरच्या जगाला वाटतं, हा एकच आहे आणि मरत नाही. हिरो अमर कसा, याचं उत्तर गोष्टीच्या पायातच घातलेलं आहे, त्यामुळे नंतर ठिगळं लावावी लागत नाहीत.

दुसरी युक्ती त्याहून साधी. ही शपथेची हकिगत पुन्हा पुन्हा सांगितली जाते, कधी दोन चौकटींत, कधी एका. शिवाय अधूनमधून 'जंगलातली जुनी म्हण' म्हणून एखादं वाक्य येतं. ते वाचताना वातावरणनिर्मिती वाटते, पण खरं काम असतं नव्या माणसाच्या कानात सांगण्याचं : हा कोण आहे, याला लोक का घाबरतात. जुन्या वाचकाला ती म्हण ऐकायला आवडते आणि नव्याचं काम होतं.

फॉकची गोष्ट आतून सुसंगत होती असं अजिबात नाही. सुरुवातीला एक श्रीमंत, रिकामटेकडा तरुण हाच फँटम आहे असं दाखवायचा त्याचा बेत होता; पहिल्याच कथेत मध्येच त्यानं तो बदलला. वेताळाचा देश आधी आशियात कुठेतरी होता, तो सरकत सरकत आफ्रिकेत गेला. त्या देशाचं नाव बंगालशी मिळतंजुळतं होतं म्हणून इंद्रजालनं ते डेंकाली केलं, आणि चाच्यांच्या टोळीचं नाव 'सिंग' होतं ते 'सिंगा' केलं, कारण इथल्या वाचकाला ते खटकलं असतं. बाबांना यातलं काहीही माहीत नव्हतं. त्यांच्या डोक्यात डेंकाली पक्की होती, आणि तेवढी पुरेशी होती.

* * *

बाबांच्या लहानपणी दुसराही एक वेताळ होता, 'चांदोबा'तला. मूळचं 'चंदामामा' जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं. मराठीत ते 'चांदोबा' झालं. त्यातली विक्रम-वेताळाची गोष्ट ज्यांनी वाचली आहे त्यांना चित्रकार शंकर यांचं ते चित्र आठवत असेल : हातात तलवार, खांद्यावर प्रेत, आजूबाजूला स्मशान.

इथला तोडगा आणखी टोकाचा आहे. दर महिन्याला राजा झाडाकडे जातो, प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो. राजा उत्तर देतो, मौन मोडतं, वेताळ परत झाडावर. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आधीच्या अंकात काय झालं याला काही महत्त्व नाही, कारण आधीच्या अंकात जे काही झालं ते शेवटच्या ओळीत पुसलं गेलं, आणि हे पुसणं वाचकाला आधीपासून माहीत आहे. फसवणूक नाही. जुन्या परंपरेत या कथा पंचवीस. चांदोबानं त्या साच्यात नव्या कथा घालून मालिका कित्येक दशकं चालवली. कुठलाही अंक हा पहिला अंक.

यात एक गंमत आहे. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या या कथा येतात, तेव्हा राजाचं नाव त्रिविक्रमसेन आहे आणि तो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. पुढे कधीतरी तो उज्जैनचा विक्रमादित्य होऊन गेला. जास्त प्रसिद्ध नावानं कमी प्रसिद्ध नाव गिळलं. अमेरिकेत याला मोठं नाव आहे, 'रेटकॉन' म्हणतात, म्हणजे मागे जाऊन इतिहास बदलणं. पैठणच्या राजाच्या बाबतीत ते कुणा कंपनीनं केलं नाही, सांगणाऱ्यांच्या तोंडी आपोआप झालं.

वय वाढत नाही असा हिरो, हा पहिला तोडगा. दर वेळी पाटी कोरी, हा दुसरा. पण गोष्टच अशी असेल की जिच्यात माणसं म्हातारी होतात, मरतात, आणि जे घडलं ते घडलं? तिथे पाटी कोरी करून चालत नाही. त्यासाठी टेकडी उतरायला लागते.

* * *

रविवारी सकाळी मी वेताळ टेकडीवर जातो. वर वेताळाचं देऊळ आहे, खरंखुरं. तिथून टेकडीच्या माथ्यानं चालत लॉ कॉलेजच्या अंगाला उतरलं की थोड्याच अंतरावर भांडारकर प्राच्यविद्या संस्था लागते. कॉलेजात असताना त्या रस्त्यानं मी शेकडो वेळा गेलो असेन. आत काय झालं होतं हे मला पंचविशीनंतर कळलं.

संस्था स्थापन झाली ६ जुलै १९१७ ला. १९१९ मध्ये तिनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायचं काम हाती घेतलं. प्रश्न ओळखीचाच होता, फक्त आकार अवाढव्य. गोष्ट दोन हजार वर्षं चालू होती. काश्मीरच्या शारदा लिपीतल्या पोथ्या, बंगाली, मैथिली, नेपाळी, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. प्रत्येक प्रदेशात गोष्ट थोडी वेगळी. उत्तरेची परंपरा एक, दक्षिणेची आणखी लांबलेली. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच कोडच्या डझनभर शाखा, आणि त्या एकमेकांत विलीन करायला कुणी बसलेलंच नाही.

१९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर मुख्य संपादक झाले. काम कसं चालायचं याचं वर्णन वाचून मी चकित झालो. मोठ्या कागदावर चौकटी आखायच्या. वरच्या ओळीत एक श्लोक, अक्षर-अक्षर सुटं करून. खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ. जिथे त्या पोथीत वेगळं अक्षर असेल तिथे नेमक्या त्या चौकटीत ते लिहायचं. एक्सेलच ते, हातानं केलेलं. एकूण १,२५९ पोथ्या तपासल्या गेल्या. सुकथनकर जानेवारी १९४३ मध्ये गेले. त्यांच्यानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर, मग प. ल. वैद्य. आवृत्ती पूर्ण झाली २२ सप्टेंबर १९६६ ला. सत्तेचाळीस वर्षं.

आता मुद्द्याची गोष्ट. या संपादकांनी डीसीसारखं केलं असतं, तर निकाल लागला असता 'हे खरं महाभारत, बाकीचं रद्द'. त्यांनी तसं केलं नाही. पानाच्या वरच्या भागात सगळ्या पोथ्यांच्या मागे जाऊन हाती लागणारा जुन्यात जुना पाठ. मध्ये एक रेघ. रेघेखाली इतर पोथ्यांतले वेगळे पाठ, कुठल्या पोथीत काय आहे या खुणेसकट. लांबलचक प्रसंग मागच्या परिशिष्टात. आणि वरच्या पाठातही जिथे स्वतःलाच खात्री नव्हती तिथे त्या शब्दाखाली नागमोडी रेघ. फोनवर शब्द चुकला की जशी येते तशी, फक्त इथे तिचा अर्थ 'तू चुकलास' असा नसून 'आम्ही चुकत असू' असा होता.

रेघेखाली काय काय गेलं ते बघितलं की या सभ्यपणाची किंमत कळते. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं, ही गोष्ट मुख्य पाठात नाही. स्वयंवरात द्रौपदी कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारते, तेही नाही. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडल्यावर द्रौपदीनं त्याला आंधळ्याचा मुलगा म्हणून हिणवलं, असं टीव्हीवर बघून आपण वाढलो; मुख्य पाठात हसतात ते भीम आणि इतर पांडव. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते, तोही खाली. माझी आजी त्या धाव्याशी येऊन दर वेळी डोळे पुसायची. आजीचा प्रसंग पुसला गेला नाही. तो एक मजला खाली राहायला गेला, पत्त्यासकट. सुपरगर्लच्या नशिबी एवढंही आलं नाही.

गोष्टीतल्या गाठी सोडवणारे त्याआधीही होतेच. सतराव्या शतकात मूळचे गोदावरीकाठच्या कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर काशीला जाऊन राहिले आणि त्यांनी ठिकठिकाणच्या पोथ्या जमवून महाभारतावर टीका लिहिली. जिथे दोन प्रसंग एकमेकांशी जुळत नाहीत तिथे असे टीकाकार जुळवण्याचा मार्ग काढून देतात. १९६० च्या दशकात मार्व्हलमध्ये स्टॅन ली अशा वाचकांना बक्षीस द्यायचा : अंकातली चूक दाखवा आणि ती चूक का नाही हेही पटवून द्या. बक्षीस म्हणून रिकामं पाकीट यायचं. लोक ते फ्रेम करून ठेवायचे.

* * *

पण भांडारकरची आवृत्ती मी भाच्याच्या हातात देणार होतो का? नाही. ती सांभाळणाऱ्यांसाठी आहे. एकोणीस खंड, संस्कृतात, तळटीपांनी भरलेले. तिथून कुणी सुरुवात करत नाही.

सुरुवात झाली ती पुण्यातच, पुढच्या वर्षी. १९६७ मध्ये इरावती कर्वे यांचं 'युगान्त' आलं. ही आवृत्ती समोर ठेवून लिहिलेलं, दोनेकशे पानांचं. गांधारीवर एक लेख, कुंतीवर एक, द्रौपदीवर, कर्णावर. कुठूनही उघडा. मी कर्णापासून उघडलं होतं, कारण माणूस कर्णापासूनच उघडतो. सत्तेचाळीस वर्षांचं काम तिच्या पाठीशी उभं होतं आणि तिनं वाचकाला ते आधी वाचायला लावलं नाही.

तेव्हा मला माझी चूक दिसली. सुसंगती सांभाळणं आणि नव्याला आत घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दोन्ही एकाच पानावर करायला गेलं की दोन्ही बिघडतात. नव्यासाठी म्हणून कोठार रिकामं केलं तर जुन्यांचा विश्वासघात होतो. आणि कोठाराची यादीच दारावर लावली तर नवा माणूस क्रिकेट खेळायला जातो.

आपल्या मराठी हिरोच्या बाबतीत हे एकदा छान जमलं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, फुरसुंगीचा बनेश, पुण्यात शिकणारा, 'ट्टॉक' करणारा किडकिडीत मुलगा. तोही वाढत नाही, पुस्तकं वाढतात. २०१७ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला तेव्हा बनेश झाला अमेय वाघ, मोबाइलच्या जमान्यातला, मेडिकल प्रवेश परीक्षेला पुण्यात आलेला. आणि तो उतरतो कुठे, तर भा. रा. भागवतांच्या घरी! दिलीप प्रभावळकरांनी भागवत साकारले होते. पुस्तकं न वाचलेल्या माझ्या मित्राला ते एक प्रेमळ म्हातारे लेखक वाटले आणि सिनेमा पूर्ण कळला. माझ्या शेजारी बसलेल्या काकांचे डोळे भरून आले. एकच प्रसंग, दोघांसाठी.

* * *

दिवाळीत भाचा परत आला. मी यादीबद्दल काही बोललो नाही. बाबांच्या ट्रंकेतला वेताळाचा एक अंक सोफ्यावर पडू दिला. मुखपृष्ठ नाही, पहिली चार पानं नाहीत, कडा पिवळ्या. दुपारी बघतो तर तो पालथा पडून वाचत होता. संपल्यावर दुसरा मागून घेतला, मग तिसरा.

रात्री जेवताना त्यानं विचारलं, "मामा, चारशे वर्षांत हा एकविसावा ना? म्हणजे याच्या आधी वीस जण झाले. म्हणजे प्रत्येक जण वीसच वर्षं वेताळ होता." मग थोडं थांबून, "म्हणजे सगळे लवकर मरतात का?"

एवढी वर्षं कॉमिक्स वाचूनही हा भागाकार मी कधी केला नव्हता. बाबांनीही नाही. आम्ही दोघांनी ताटावरून एकमेकांकडे बघितलं. मला या विषयावर बरंच काही सांगता आलं असतं; जीभ वळवळतही होती.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं. तो भात कालवत विचार करायला लागला.